निर्भय स्वर

ठाणे जिल्ह्यात वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर भाईंदर वसले आहे. भाईंदर रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस नवघर नावाचे जुने गाव आहे. उंच इमारती, दुकाने आणि वाहने यांच्या गर्दीत हे गाव आज असे मिसळून गेले आहे की, नवख्या माणसाला ते वेगळे ओळखता येऊ नये. भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर एके काळी या बाजूच्या लोकांचा चरितार्थ चाले. खाडीवरून येणारा खारा वारा मात्र अजूनही त्या दिवसांची आठवण करून देतो.

या भागातील आगरी कुटुंबांत लग्नाच्या वेळी धवले गाण्याची जुनी चाल आहे. धवला म्हणजे लग्नविधीचे गाणे आणि तो गाणारी ती धवलारीण. मांडव घालताना, हळद लावताना, देवांना आमंत्रण देताना ती धवले गाते. कित्येक ठिकाणी तिच्या गाण्यावाचून विधी पुरा झाला असे कोणी मानीत नाही. ही गाणी ती पुस्तक पाहून म्हणत नाही. आईकडून किंवा आजीकडून ऐकून ती तिला मुखोद्गत झालेली असतात.

नवघरच्या एका घरात अशी एक आजी होती आणि तिची बारा वर्षांची एक नात होती. नातीचा गळा गोड होता. पाणी भरताना, भांडी घासताना, आजीच्या पायांना तेल लावताना ती गुणगुणत असे. शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, तेव्हा बाईंनी तिलाच एक गीत म्हणावयास सांगितले. वर्गात तिने ते सुरेख म्हटले. परंतु रंगीत तालमीच्या दिवशी ती मंचावर चढली, समोरची माणसे तिने पाहिली, आणि तिच्या घशाला कोरड पडली. दोन ओळी झाल्या न झाल्या तोच ती खाली उतरली.

"बाई, मी गाणार नाही. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी घ्या," ती खाली मान घालून म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तुझी आजी लग्नाच्या मांडवात दोनशे माणसांपुढे गाते ना? मग तिला भीती कशी वाटत नाही, हे तिलाच विचारून ये."

रात्री जेवणे झाल्यावर नातीने आजीला विचारले, "आजी, इतकी माणसे समोर असतात, तुला भीती नाही का वाटत?"

आजी हसली. "न वाटायला काय झाले, बाय! मी तुझ्याएवढी होते तेव्हा माझ्या आईच्या मागे बसून नुसता सूर धरीत असे. एका लग्नात आईचा आवाज बसला. ती मध्येच थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मांडव गप्प झाला. पुढची ओळ मला येत होती. म्हणून मी म्हटली. हात थरथरत होते, पण ओळ चुकली नाही. त्या दिवसापासून भीती आली तर येऊ देते. ती बसते एका बाजूला आणि मी गाते."

दुसऱ्या दिवशी नातीने हे बाईंना सांगितले. बाईंना ते इतके आवडले की, त्या दिवशी त्यांनी वर्गातील धडा बाजूला ठेवला आणि मुलामुलींना गाणाऱ्या स्त्रियांच्या गोष्टी सांगितल्या.

बाई म्हणाल्या, "मुलांनो, आपल्याकडे स्त्रियांच्या गळ्यात सूर नव्हता असे कधीच नव्हते. जात्यावर, पाळण्यापाशी, मांडवात त्या गातच होत्या. तेराव्या शतकात महदंबेने रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचले. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. आजी गाते त्या धवल्यांची परंपरा अशी जुनी आहे. परंतु घरातल्या आणि मांडवातल्या या सुराला सभागृहात जागा मिळण्यास फार काळ जावा लागला. ती जागा ज्यांनी मिळवली, त्यांतील एक हिराबाई बडोदेकर.

"हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. त्यांचे मूळ नाव चंपाकली. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील. आई ताराबाई माने या बडोद्याच्या; त्यावरूनच बडोदेकर हे नाव पडले. पुढे ताराबाई आपल्या पाच मुलांना घेऊन वेगळ्या राहू लागल्या. घरात गाणे होते, पण सुबत्ता नव्हती. थोरले बंधू सुरेशबाबू माने यांनी हिराबाईंना शिकवले. त्यानंतर उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले.

"त्या काळची रीत आज तुम्हांला चमत्कारिक वाटेल. घरंदाज मुलीने चारचौघांत गाणे कमीपणाचे समजत. गाणे हाच ज्यांचा व्यवसाय होता, अशा स्त्रियांच्या मैफली धनिकांच्या दिवाणखान्यांत होत. गाणे सर्वांना हवे असे. गाणारीला मान देण्यास मात्र समाज कचरत असे. पुरुष गवयाला लोक 'पंडितजी', 'खाँसाहेब' म्हणत. तितकीच विद्या असलेल्या स्त्रीची ओळख करून देताना आवाज खाली येई.

"अशा काळात, १९२१ साली, मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयाच्या समारंभात हिराबाई जाहीरपणे गायल्या. हे विद्यालय पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे. हिराबाईंचे वय तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होते. पुढे त्यांनी नाट्यगृहांतून तिकीट लावून मैफली करण्यास प्रारंभ केला. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या भारतीय गायिका म्हणून त्यांचे नाव सांगितले जाते."

एका मुलाने हात वर केला. "बाई, तिकीट लावण्यात विशेष ते काय?"

"चांगला प्रश्न विचारलास," बाई म्हणाल्या. "दिवाणखान्यात गाणाऱ्या स्त्रीला यजमान बोलावी. कोणी यावे, केव्हा थांबावे, हे यजमान ठरवी. नाट्यगृहात तसे नव्हते. तिकीट काढील तो श्रोता. कारकून, शिक्षक, दुकानदार, त्यांच्या घरच्या बायकामुली, कोणीही यावे आणि गाणे ऐकावे. हिराबाई अंगभर पदर घेऊन शांतपणे बसत. हावभाव नाहीत, हातवारे नाहीत. मागे तानपुरे आणि समोर श्रोते. 'मी कोणाची करमणूक करण्यास आलेले नाही, मी माझी विद्या तुमच्यापुढे ठेवण्यास आले आहे,' हे त्यांना तोंडाने सांगावे लागले नाही. त्यांच्या बसण्यातूनच ते श्रोत्यांना कळे. आपल्या लेकीलाही असे गाता यावे, असे कित्येक आईबापांना त्यांना पाहून वाटू लागले.

"त्यांचा आवाज फार मोठा होता असे समजू नका. तो मृदू आणि अत्यंत सुरेल होता. स्वभावही तसाच सौम्य. म्हणून मी सांगते, धीटपणा म्हणजे आरडाओरडा नव्हे. हळू बोलणारी व्यक्तीही धीट असू शकते.

"त्या काळी मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका तर महाराष्ट्रात गाजत होत्या. अशा वेळी, १९२९ साली, हिराबाई आणि त्यांची भावंडे यांनी नाटक मंडळी काढली, आणि तीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या. हिराबाई 'सौभद्र' नाटकात सुभद्रा होत. मंडळी नावाजली, पण पैशाचे गणित जमले नाही. कर्ज झाले आणि मंडळी बंद करावी लागली. हिराबाईंनी तोंड लपवले नाही. गावोगाव मैफली करून त्यांनी कर्ज फेडले. टाळ्यांच्या वेळी धीट असणे सोपे असते; अपयश आल्यावर पुन्हा लोकांसमोर बसणे अवघड. हिराबाई पुन्हा बसल्या. आपली धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे यांच्यासह त्यांनी जुगलबंदीच्या मैफली केल्या. दोन स्त्रियांनी मंचावर शेजारी बसून असे गावे, हेही तेव्हा नवे होते. १९६५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७० साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १९८९ साली त्या निवर्तल्या."

वर्ग अगदी शांत झाला होता. मंचावरून खाली उतरलेली ती मुलगी पहिल्या बाकावर बसून ऐकत होती. तिने हळूच विचारले, "बाई, हिराबाईंच्या घरी सगळे गाणारेच होते. ज्यांना शिकवणारे कोणी नाही, त्यांनी काय करावे?"

"त्यांच्यासाठी मोगूबाईंची गोष्ट आहे," बाई म्हणाल्या. "मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली गोव्यातील कुर्डी गावी झाला. आपली लेक मोठी गायिका व्हावी, अशी त्यांच्या आईची फार इच्छा होती. परंतु मोगूबाई लहान असतानाच आई वारली. पोटासाठी त्या नाटक मंडळीत भूमिका करू लागल्या. पुढे त्या सांगलीस राहत होत्या. तेथे शिकवणाऱ्या गुरूंकडील शिक्षण मध्येच थांबले. शिकवण्यास कोणी नाही, ऐकण्यासही कोणी नाही. तरी मोगूबाई रोज तानपुरा घेऊन बसत आणि शिकलेले तेवढेच पुन्हा पुन्हा घोटीत.

"त्या घरावरून एक वयस्क गृहस्थ जात असत. रस्त्यावरून त्यांच्या कानी हे सूर पडत. एके दिवशी ते घरात आले, त्यांनी गाणे ऐकले आणि आपण होऊन शिकवण्याची तयारी दाखवली. ते होते जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ! मुलांनो, खाँसाहेब त्या रस्त्याने जात होते, हा योग होय. परंतु त्या वेळी घरात तानपुरा वाजत होता, हा योग नव्हे. तो रियाज होता. कोणी ऐकत नाही म्हणून मोगूबाईंनी गाणे थांबवले असते, तर खाँसाहेब त्या दारावरून तसेच पुढे गेले असते.

"यानंतर सारे सुरळीत झाले असेही नाही. पुढे मुंबईत अनेक अडचणी आल्या. खाँसाहेबांकडील शिक्षण खंडित झाले. मोगूबाईंनी इतरांकडे शिकणे चालू ठेवले, आणि १९३४ साली त्या खाँसाहेबांच्या विधिपूर्वक गंडाबंध शिष्या झाल्या. पतीच्या निधनानंतर तीन मुलांचा भार त्यांच्यावर एकटीवर पडला. मैफली करून आणि शिकवण्या करून त्यांनी तो वाहिला. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आज त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती आणि देवळाचे अवशेष वर येतात, आणि गावाबाहेर गेलेली माणसे तेथे पुन्हा जमतात. गाव बुडाले, पण मोगूबाईंच्या नावातले कुर्डी बुडाले नाही.

"मोगूबाईंच्या थोरल्या कन्या म्हणजे किशोरी आमोणकर. लहानपणी त्या आईबरोबर मैफलींना जात आणि तानपुऱ्याची साथ करीत. एवढ्या मोठ्या गायिकेची उतरण्याची सोय नीट होत नाही, तिला बिदागी कमी मिळते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ते त्यांच्या मनाला लागले. पुढे स्वतः मोठ्या गायिका झाल्यावर कलावंताच्या मानाविषयी त्या अत्यंत दक्ष राहिल्या. गाणे चालू असताना श्रोत्यांनी शांत राहिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. काही लोक त्यांना तापट म्हणत. पण त्यांच्या आग्रहामागे आईचा सोसलेला अपमान होता, हे लक्षात घेतले पाहिजे. स्वतःच्या कामाचा मान स्वतः राखणे हाही आत्मविश्वासाचाच भाग होय."

तास संपत आला होता. बाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि शेवटची गोष्ट थोडक्यात सांगितली.

"पुण्यात १९३२ साली जन्मलेल्या प्रभा अत्रे यांच्या घरी गाण्याची परंपरा मुळीच नव्हती. आईची प्रकृती बरी नसे, म्हणून कोणीतरी तिला गाणे शिकण्याचा सल्ला दिला. आईने चार दिवस शिकून सोडून दिले. पण आठ वर्षांच्या मुलीने ते धरून ठेवले. पुढे त्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकल्या. त्यांनी विज्ञानाची आणि कायद्याची पदवी घेतली, सरगम या विषयावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली, मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत शिकवले आणि संगीतावर पुस्तके लिहिली. २०२२ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. १३ जानेवारी २०२४ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे पुण्यात निधन झाले. जाहीर सभागृहात स्त्रीने गावे की नाही, हा प्रश्न हिराबाईंना सोडवावा लागला. प्रभाताईंसमोर तो तितका उरला नव्हता. म्हणून त्यांना गाण्याविषयी नवे प्रश्न विचारता आले. एकीने वाट पाडली की दुसरी त्या वाटेने पुढे जाते, ती अशी."

मग त्या मुलीकडे वळून बाई म्हणाल्या, "तुझ्या आजीची आई थांबली, तेव्हा आजीला पुढची ओळ येत होती. हिराबाई नाट्यगृहात बसल्या, तेव्हा त्यांच्यामागे वर्षांचे शिक्षण होते. खाँसाहेब दारात आले, तेव्हा मोगूबाई गात होत्या. भीती कोणाला वाटली असेल, कोणाला नसेल. पण प्रत्येकीची तयारी मात्र पक्की होती. तुला गीत येते ना?"

"येते," मुलगी म्हणाली.

"मग ते आणखी घोट. झोपेतून उठवले तरी म्हणता येईल इतके घोट. आणि मग भीतीला एका बाजूला बसू दे."

त्यानंतरचे आठ दिवस ती मुलगी रोज संध्याकाळी आजीसमोर बसली. पहिल्या दिवशी ऐकायला आजी एकटीच होती. दुसऱ्या दिवशी आजीने शेजारणीला हाक मारली. तिसऱ्या दिवशी आळीतल्या चार बाया दारात येऊन बसल्या. पुढे पुढे ओटा भरू लागला. आजीने नातीला ऐकणाऱ्या माणसांची सवय अशी हळूहळू लावली. शिकवते आहे असे ती एकदाही म्हणाली नाही.

संमेलनाचा दिवस उजाडला. मुलगी मंचावर गेली. पहिला सूर किंचित थरथरला. पुढच्या रांगेत कोणी हसले, कोणी कुजबुजले. तिने डोळे मिटले नाहीत. दुसऱ्या ओळीला आवाज स्थिर झाला आणि मग गीत शेवटपर्यंत गेले. ते फार उत्कृष्ट झाले असे म्हणता येणार नाही. एके ठिकाणी ताल निसटला. तो तिने सावरून घेतला. टाळ्या पडल्या. मागच्या ओळीत बसलेली आजी मात्र टाळ्या वाजवीत नव्हती. ती शेजारी बसलेल्या पाचसहा वर्षांच्या धाकट्या नातीला हळू आवाजात सांगत होती, "ऐकलीस ना पुढची ओळ? म्हण पाहू."

मुलामुलींनो, धैर्य हे काहींना जन्मतःच मिळते आणि काहींना मिळतच नाही, असे समजू नका. ते रोजच्या कष्टाने थोडे थोडे साठते. आपल्या आधी जे धैर्याने उभे राहिले, त्यांच्या आठवणीने ते वाढते. गाणे असो, गणित असो, खेळ असो किंवा सभेत बोलणे असो, आपले काम चोख येत असेल, तर भीतीला बाजूला बसवून ते करता येते. आणि आपण ते केले की, मागे बसून सूर धरणाऱ्या कोणाला तरी पुढची ओळ म्हणण्याचा धीर येतो.

शब्दार्थ

चरितार्थ – उपजीविका, पोट भरण्याचे साधन
मुखोद्गत – तोंडपाठ
आद्य – पहिली
सुबत्ता – भरपूर पैसा व साधने असणे
कचरणे – मागेपुढे पाहणे, धजावत नसणे
निवर्तणे – मरण पावणे
घोटणे – पुन्हा पुन्हा म्हणून पक्के करणे
खंडित – मध्येच तुटलेले
गंडाबंध शिष्य – गुरूने मनगटास धागा बांधून विधिपूर्वक स्वीकारलेला शिष्य
बिदागी – कलावंताला सन्मानाने दिलेला मोबदला
जोते – घराचा पाया, चौथरा

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धवलारीण कोणाला म्हणतात?
(आ) 'बडोदेकर' हे नाव कशावरून पडले?
(इ) कुर्डी गाव आज कोठे आहे?

२. चारपाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दिवाणखान्यातील मैफल आणि तिकीट लावलेली मैफल यांत बाईंनी कोणता फरक सांगितला?
(आ) 'हा योग नव्हे. तो रियाज होता,' असे बाई का म्हणाल्या?
(इ) आजीने नातीची भीती कोणत्या युक्तीने कमी केली?

३. कारणे द्या.
(अ) नाटक मंडळी बंद पडल्यावर हिराबाईंनी गावोगाव मैफली केल्या.
(आ) किशोरी आमोणकर कलावंताच्या मानाविषयी दक्ष राहिल्या.

४. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
घशाला कोरड पडणे, तोंड लपवणे, मनाला लागणे, वाट पाडणे.

५. आपल्या आजीला किंवा शेजारच्या वृद्ध स्त्रीला येत असलेले एक जुने गाणे ऐका. ते तिने कोणाकडून व केव्हा शिकले, ते विचारून दहा ओळींत लिहा.